सर्च आणि फिल्टर एकमेकांच्या पायात येऊ देऊ नका

ऑनलाइन दुकान कसं उभं करायचं ते आपण व्हिडिओत बघितलं. आता त्यातली एक गोष्ट, दिसायला बारीक, पण विक्री खाणारी.

कन्हान नदीकाठचं खापा हे विणकरांचं जुनं गाव. समजा, तुम्ही इथूनच साड्यांची वेबसाइट काढली आणि १२० साड्या चढवल्या. गिऱ्हाईक 'कॉटन' शोधतं, किंमतीला '२००० पर्यंत' फिल्टर लावतं, चार साड्या बघतं. मग आठवतं, बहिणीला करवती हवी होती. सर्चमध्ये 'करवती' टाकलं, तर उत्तर येतं: काहीही सापडलं नाही. अरे, तुमच्याकडे १८ करवती आहेत! पण टसरच्या, २००० च्या वरच्या. जुना फिल्टर तसाच चिकटून राहिला. गिऱ्हाईक फोन करून विचारत बसत नाही, निघून जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लहान दुकानात नवीन शब्द शोधला की जुने फिल्टर काढून टाका. हवं तर वर एक बटण ठेवा, '२००० पर्यंत पुन्हा लावा'. उलट मात्र कधीच नको. फिल्टर बदलला म्हणून शोधलेला शब्द पुसला जाता कामा नये. 'करवती' शोधून 'लाल' निवडलं तर लाल करवतीच दिसायला हव्यात, दुकानातली प्रत्येक लाल साडी नाही.

आता 'आणि'-'किंवा'चा घोळ. गिऱ्हाईक लाल आणि हिरवा, दोन्ही रंगांवर टिक करतं तेव्हा त्याला यातला कोणताही रंग चालतो. म्हणजे एकाच गटात 'किंवा'. पण रंग आणि किंमत हे वेगळे गट, तिथे 'आणि'. वू-कॉमर्समध्ये फिल्टर बसवताना हे तुम्हालाच निवडावं लागतं. रंगाला 'आणि' राहून गेलं, तर दोन्ही रंगांच्या साड्याच तेवढ्या दिसतील.

प्रत्येक पर्यायापुढे आकडा द्या: लाल (६), निळा (३). हा आकडा शोधलेल्या शब्दाच्या निकालातलाच हवा, सगळ्या दुकानाचा नको. शून्य असलेला पर्याय फिका करा. लावलेले फिल्टर यादीच्या वर ठळक दिसू द्या, प्रत्येकाला फुली. मोबाइलवर तर हे फारच गरजेचं, कारण तिथे फिल्टरची पाटी बंद झाली की काय लावलं होतं तेच आठवत नाही.

आणि निकाल शून्य आलाच, तर नुसतं 'सॉरी' लिहू नका. 'किंमतीचा फिल्टर काढला तर १८ साड्या आहेत' असं सांगा, खाली बटण द्या. सर्चला 'करवती', 'करवत काठी', 'करवतकाठी' हे तिन्ही एकच, हेही शिकवून ठेवा. लोकं जसं बोलतात तसंच टाइप करतात.

आज रात्रीच स्वतःच्या मोबाइलवर करून बघा: एक फिल्टर लावा, मग दुसऱ्याच मालाचं नाव शोधा. काय दिसतं?