नहर-ए-अंबरी : दख्खनच्या जमिनीखालचा आफ्रिकी पुरावा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद आणि त्याही आधीचे खडकी, या शहराच्या उत्तरेकडील डोंगरउतारांत मुरलेले पाणी जमिनीखाली गोळा करून वस्तीपर्यंत आणणारी नहर-ए-अंबरी सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधली गेली. नहर म्हटल्यावर उघडा कालवा डोळ्यांपुढे येतो. ही मात्र दगडी बांधणीची भूमिगत वाट असून, गाळ काढण्यासाठी माणसाला उतरता येईल अशी तोंडे तिच्यावर ठिकठिकाणी ठेवलेली आहेत आणि वस्तीत शिरल्यावर तिचे पाणी नळांतून हौदांपर्यंत जात असे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. जमिनीचा उतार अचूक ओळखणे आणि पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी उंच मनोरे उभारून नळांत कोंडणाऱ्या हवेला वाट देणे, एवढ्यावर हे सारे यंत्र चालत होते.

हे ज्ञान आकाशातून पडलेले नव्हते. इराण आणि मध्यपूर्वेतील कनात, म्हणजे डोंगरातले भूजल बोगद्याने बाहेर आणण्याची पद्धत, तिच्या मुळाशी आहे, आणि नहरीचा निर्माता तारुण्यात बगदादला राहिलेला असल्यामुळे त्याने ती तिथेच पाहिली असावी, हा तर्क मोहक वाटतो. परंतु निजामशाहीच्या मुलखात अशी कामे त्याच्या आधीही होत होती. सलाबतखानाच्या काळातील, परंपरेने १५८२-८३ सालची मानली जाणारी बीडची खजाना विहीर भूमिगत बोगद्यांच्याच आधारावर उभी आहे. तेव्हा नहर-ए-अंबरीत आफ्रिकी तंत्र शोधू नये. तिच्यातला आफ्रिकी अंश तिच्या कर्त्यात आहे.

तो कर्ता मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे पहिले नाव चापू होते. गुलाम म्हणून अनेकदा विकला जाऊन तो मोखा आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आला, जिथे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतःही हबशी म्हणजे इथिओपियाकडून आलेला होता, त्याचा धनी झाला. धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त झालेल्या अंबरने १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली, १६१० च्या सुमारास खडकी वसवली, आणि मराठा घोडदळाच्या जोरावर गनिमी काव्याने १६२६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत मोगलांना थोपवून धरले. महसुलाचे इजारे बंद करून जमिनीच्या प्रतीवर आणि पिकावर आकारणी करण्याची त्याची पद्धत मराठी मुलखात दीर्घकाळ आदर्श मानली गेली.

चापू हे नाव उरले ते पीटर व्हॅन डेन ब्रोक या डच व्यापाऱ्यामुळे, ज्याने १६१७ मध्ये अंबरची भेट घेतली होती. एरवी असा भूतकाळ इथे सहज पुसला जाई. दख्खनमधील लष्करी गुलामगिरी अटलांटिकपलीकडच्या मळ्यांवरील गुलामगिरीसारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत नसे. मुक्त झालेले हबशी सरदार होत, इथेच सोयरिकी जुळवत आणि थोड्याच पिढ्यांत दख्खनी समाजात मिसळून जात. अमेरिकेत भूतकाळ हिसकावून घेतला गेला, तर इथे तो बढतीबरोबर विरघळला, आणि विस्मरणाचा हा दुसरा प्रकार अधिक सौम्य असल्यामुळेच कदाचित त्याची खंत कोणी केली नाही.

ती उणीव भरून काढण्याची निकड दूरच्या लोकांना वाटली. प्वेर्तो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शोम्बर्ग यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची ग्रंथसंपदा जमवली, ती १९२६ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाकडे गेली, आणि हार्लेममधील त्याच संग्रहातून वाढलेल्या शोम्बर्ग केंद्राने २०१३ मध्ये भारतातील आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरवले. त्याआधी, १९७१ मध्ये, कृष्णवर्णीय अमेरिकी इतिहासकार जोसेफ हॅरिस यांनी आशियातील आफ्रिकी वास्तव्यावरील आपल्या ग्रंथात अंबरला ठळक स्थान दिले होते. आपला इतिहास गुलामांच्या जहाजावर सुरू होतो असे शिकवल्या गेलेल्या समाजाला शहर वसवणारा, पाणी खेळवणारा आणि सम्राटाला जेरीस आणणारा आफ्रिकी माणूस किती मोलाचा वाटला असेल, हे सहज समजण्यासारखे आहे. जहांगीर तर अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडतानाचे स्वतःचे चित्र अबुल हसनकडून काढून घेऊन समाधान मानत होता. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही.

मात्र हा वारसा स्वीकारताना निवड करून चालत नाही. गुलामीतून वर आलेल्या अंबरच्या फौजेतही विकत आणलेले हबशी होते, आणि नहरीचा हौद भरणारे हात कोणाचे होते याची नोंद कोणत्याही दरबाराने ठेवली नाही. केवळ पराक्रमी पूर्वज हवा असेल तर अंबर सोयीचा आहे; आत्मज्ञान हवे असेल तर तो बराच अवघड आहे.

मराठवाड्याला या आत्मशोधाची ओळख वेगळ्या दाराने झाली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर्सवरून घेतले, आणि जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी साहित्य मराठी वाचकांपुढे मांडले. हे वाचन मुख्यतः अमेरिकेकडे पाहत होते, हे त्या काळाच्या संघर्षाला धरूनच होते. पण अंबरची कबर औरंगाबादपासून काही कोसांवर, खुलदाबादेत आहे, आणि तिच्या जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचीही.