ग्रेट ब्रिटन, संयुक्त राज्य आणि आयर्लंड : काही संज्ञांचा उलगडा

मराठ्यांच्या इतिहासाशी निगडित असलेले मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम व जेम्स ग्रँट डफ हे तिघेही जन्माने स्कॉटिश होत. मराठी लेखनात मात्र त्यांचा निर्देश सर्रास ‘इंग्रज’ असाच होतो. नित्य व्यवहारात ह्या शिथिलतेने फारसे बिघडत नाही. परंतु करारांच्या व कायद्यांच्या अभ्यासकाला ती परवडणारी नाही. तेथे नाव हे केवळ ओळखीचे साधन नसते; पुष्कळदा त्यात प्रदेशावरील हक्कही सांगितलेला असतो.

प्रथम भौगोलिक नावे पाहू. ग्रेट ब्रिटन हे एक बेट होय. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स हे त्याचे तीन भाग. त्याच्या पश्चिमेचे बेट आयर्लंड. ही दोन्ही व आसपासची लहान बेटे मिळून ‘ब्रिटिश बेटे’ म्हणण्याचा प्रघात आहे; मात्र आयर्लंडचे सरकार ही संज्ञा वापरीत नाही.

राजकीय नावे ह्या भूगोलावर टप्प्याटप्प्याने चढत गेली. १७०७ मध्ये वेल्ससह इंग्लंड आणि स्कॉटलंड एक होऊन ग्रेट ब्रिटनचे राज्य निर्माण झाले. १८०१ मध्ये त्यास आयर्लंड जोडले जाऊन ‘संयुक्त राज्य’ अस्तित्वात आले. १९२१ मध्ये आयर्लंडच्या ३२ काउंट्यांपैकी ६ काउंट्यांचा ‘उत्तर आयर्लंड’ हा वेगळा घटक झाला व १९२२ मध्ये उरलेल्या २६ काउंट्यांचे ‘आयरिश फ्री स्टेट’ स्थापन झाले. तेव्हा उत्तर आयर्लंड संयुक्त राज्यात मोडते, ग्रेट ब्रिटनमध्ये नव्हे.

‘उत्तर’ हा शब्दही येथे दिशेपेक्षा राजकारणच अधिक सांगतो. बेटाचे उत्तरेकडील टोक, मॅलिन हेड, डॉनेगल काउंटीत आहे, आणि ही काउंटी ‘दक्षिणे’च्या राज्यात आहे. ऐतिहासिक अल्स्टर प्रांताच्या ९ काउंट्यांपैकी ६ च उत्तर आयर्लंडमध्ये आहेत. तरी संयुक्त राज्याचे पक्षपाती त्या सहांनाच ‘अल्स्टर’ म्हणतात, तर आयरिश राष्ट्रवादी त्यांना ‘सहा काउंट्या’ म्हणणे पसंत करतात.

खरा वाद पेटला तो १९३७ च्या आयरिश राज्यघटनेने. तिने राज्याचे नाव ‘एअरे, अथवा इंग्रजी भाषेत आयर्लंड’ असे ठरविले आणि राष्ट्रीय भूमी म्हणजे संपूर्ण बेट असे घोषित केले. ते नाव स्वीकारल्यास हा दावाही मान्य केल्यासारखे होईल, म्हणून ब्रिटिश कायद्याने १९३८ मध्ये ‘एअरे’ व १९४९ पासून ‘आयर्लंडचे प्रजासत्ताक’ ह्या संज्ञा योजिल्या. आयरिश कायद्यानुसार मात्र ‘आयर्लंडचे प्रजासत्ताक’ हे राज्याचे वर्णन होय, नाव नव्हे. १९९८ च्या बेलफास्ट करारात दोन्ही सरकारांनी परस्परांची अधिकृत नावे वापरली. १९९९ मध्ये घटनेतील प्रदेशविषयक कलमांत बदल होऊन लोकेच्छेने होणाऱ्या एकीकरणाची आकांक्षा तेवढी उरली.

तात्पर्य, अशा संज्ञांचा अर्थ लावताना लेखाचे वर्ष आणि लेखकाचा पक्ष हे दोन्ही पाहणे अगत्याचे आहे. मूळ लेखातील ‘एअरे’च्या जागी भाषांतरात सरसकट ‘आयर्लंड’ घातले, तर शब्द सोपा होतो. परंतु ज्यासाठी दोन राज्ये साठ वर्षे अडून बसली तो मुद्दाच नाहीसा होतो.