बर्फ पारवा का होतो?

आमच्या गिरगावातल्या खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर एक जुना अल्बम आहे. १९८७ सालच्या मे महिन्यातली मनालीची सहल. रोहतांगला, ३,९७८ मीटर उंचीवर, आई पाचवारी साडीवर भाड्याचा केसाळ कोट आणि भाड्याचेच गमबूट घालून उभी आहे. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिल्याचं हसू तिच्या चेहऱ्यावर असणारच, पण चेहरा इतका काळवंडलाय की ते दिसत नाही. आणि ज्या बर्फासाठी रेल्वे आणि बसचे धक्के खात तीन दिवस प्रवास केला, तो बर्फ? दादरच्या कबुतरखान्यातल्या कबुतरांच्या पाठीसारखा. लहानपणी मला वाटायचं, बर्फ असाच असतो. पारवा.

पुढे फोटोग्राफी शिकायला लागलो, तेव्हा या पारव्या रंगामागचं कारण कळलं आणि मी थक्क झालो. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते माहीतच नसतं!

कॅमेऱ्यातला मीटर एकच गोष्ट मोजतो: समोरून किती उजेड आला. तो उजेड दोन गोष्टींवर ठरतो. वस्तूवर ऊन किती पडलंय आणि त्यातलं किती ती परत फेकतेय. मीटरच्या हातात येतो तो या दोघांचा गुणाकार, आणि गुणाकारावरून दोन्ही आकडे सांगायचे कसे? भर दुपारच्या उन्हातली काळी छत्री आणि तिन्हीसांजेचा बर्फ डोळ्यांना सारखाच उजेड पाठवू शकतात. आपण चुकत नाही, कारण आपल्याला छत्री आणि बर्फ ठाऊक असतात. मीटरला नसतात. मग तो एक गृहीत धरून चालतो: समोरचं दृश्य काळंही नाही, पांढरंही नाही, मधलं आहे. फोटोग्राफीच्या पुस्तकांत या 'मधल्या'साठी अठरा टक्क्यांचा आकडा रूढ आहे. म्हणजे पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत फेकणारा राखाडी. पन्नास का नाही? आपली नजर सरळ हिशेबाने चालत नाही म्हणून. काळ्या-पांढऱ्याच्या ऐन मध्यावर आपल्याला जो रंग वाटतो, तो प्रत्यक्षात जेमतेम अठरा टक्केच उजेड परत देतो. मराठीत या छटेला केव्हापासूनच स्वतःचं नाव आहे, याचा मला फार आनंद वाटतो. पारव्यावरून पारवा.

ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के उजेड परत देतो. मीटर म्हणतो, अरे बापरे, ऊन फारच कडक दिसतंय, आणि उजेडाची वाट आवळून बर्फाला ओढत पारव्यावर आणतो. सोबत माणसांचे चेहरेही अंधारात जातात.

हे पाहायला हिमालय लागत नाही. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेली पांढरी चादर घ्या. कॅमेरा ऑटोवर ठेवून फ्रेममध्ये चादरीशिवाय काहीही येणार नाही इतकं जवळ जा. मग त्याच उन्हात उघडलेल्या काळ्या छत्रीचा तसाच फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिलो होतो. चादर पारवी, छत्रीही पारवी. (नव्या फोनांत दृश्य ओळखून दुरुस्ती करायची सोय असते, त्यामुळे तिथे फरक थोडा झाकला जातो. साध्या कॅमेऱ्यावर तो लख्ख दिसतो.)

म्हणून बर्फात करायची गोष्ट मनाला पटत नाही, तरी तीच बरोबर असते. समोर डोळे दिपवणारा उजेड असतो आणि कॅमेऱ्याला सांगायचं असतं, अजून उजेड घे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं बटण असतं, ते एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचं. एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट. १८ चे ३६, दुसऱ्या स्टॉपला ७२. नव्वदला पोचायला सव्वादोन-अडीच स्टॉप लागतील, पण तिथवर जायचं नसतं. फ्रेम बर्फाने भरलेली असेल तर +१.३ ते +२, निम्मी देवदारांची झाडी असेल तर +०.७ ते +१ पुरे. फोनवर बर्फाला बोट लावलं की बहुतेक वेळा सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वर सरकवायचं.

शेवटचा अर्धा स्टॉप का सोडायचा, ते कळण्यासाठी चौपाटीवर गोळेवाल्यासमोर उभं राहावं. त्याच्याकडे असते ती बर्फाची लादी, काचेसारखी, चांगली असेल तर आरपार दिसावं अशी. तो ती रंध्यावर घासतो आणि खाली पडतो तो शुभ्र भुगा. रंग कुणी मिसळला? कुणीच नाही. लादीत उजेड सरळ आरपार जातो. भुग्यात मात्र कण, हवा, कण, हवा असे हजारो पृष्ठभाग होतात आणि प्रत्येकावर उजेड थोडा वळतो, थोडा परततो. सगळे रंग सारखेच भरकटून बाहेर येतात, आणि त्या सगळ्यांचा मिळून पांढरा. हिमालयातला बर्फही मुळात पारदर्शकच, फक्त बारीक कणांचा. तेव्हा बर्फाचा फोटो खरं तर त्या कणांचा, त्यांच्या चकाकीचा, त्यात उमटलेल्या बुटांच्या ठशांचा असतो. उजेड जास्त झाला की सेन्सरची क्षमता संपते, कण पुसले जातात आणि कोरा कागद उरतो. स्क्रीनवर जळलेला भाग लुकलुकवून दाखवायची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. ती सहलीला निघायच्या आधीच चालू करून ठेवावी.

सरावाला मुंबईतला सगळ्यात चांगला बर्फ मासळी बाजारात मिळतो. "मावशी, फोटो काढू का?" असं आधी विचारावं. बर्फाच्या चुऱ्यावर चंदेरी पापलेट आणि शेजारी काळा हलवा: पांढरं, चमकतं आणि काळं एकाच फ्रेममध्ये. इथे तिन्ही सांभाळता आले, तर गुलमर्ग सोपं जाईल.

मीटरवर विसंबायचंच नसेल तर दुसरी वाट आहे, आणि तीही दादरवरून जाते. १९१२ साली दादासाहेब फाळके दादरला 'राजा हरिश्चंद्र' चित्रित करत होते आणि कॅमेरा त्र्यंबक तेलंग चालवत होते. उजेड विजेने मोजणारे मीटर बाजारात आले ते १९३० च्या दशकात. फाळके-तेलंगांकडे होतं ते फक्त ऊन आणि उन्हाचा अंदाज. निरभ्र दिवसाचं दुपारचं ऊन बऱ्यापैकी सारखं असतं, ते काळ्यावर पडो की पांढऱ्यावर. याच भरवशावर फिल्मवाल्यांचा जुना नियम उभा आहे: कडक उन्हात अॅपर्चर (उजेडाची वाट) एफ/१६ आणि शटरचा आकडा आयएसओइतका (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा). आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग. बर्फावर खालूनही उजेड उसळतो, म्हणून तिथे एफ/२२, किंवा तेवढाच उजेड येणारं एफ/८ आणि १/८००. आणखी सोपं म्हणजे आपला तळहात. कातडीचा रंग कोणताही असो, तळहात साधारण सारखाच उजळ असतो, त्या मधल्या पारव्याहून सुमारे एक स्टॉप वर. तळहात उन्हात धरून फ्रेम त्याने भरायची, +१ वर येणारे आकडे मॅन्युअलमध्ये बसवायचे आणि मग बर्फाकडे वळायचं.

सावल्या निळ्या दिसल्या तर घाबरू नये. सावलीत सूर्य पोचत नाही, पोचतं ते फक्त निळं आभाळ. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवला की ती निळाई दिसते तशीच येते. ती पूर्ण पुसावी असं मला वाटत नाही. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ द्यायच्या, ते काय उगाच?

थंडीचंही एक सांगतो. बॅटरी गारठली की संपल्यासारखी वाटते. जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. आणि गार कॅमेरा हॉटेलच्या उबदार खोलीत तसाच नेला तर एसी लोकलमधून दादरच्या दमट फलाटावर उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच लेन्सचं होतं. बाहेर असतानाच तो घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि खोलीत तासभर तसाच राहू द्यावा.

आता पुन्हा तो अल्बम. बाबांच्या साध्या कॅमेऱ्यात मीटर नव्हताच, मग बर्फ पारवा केला कुणी? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. कृष्णधवल असो वा रंगीत, फिल्मवरून कागदावर फोटो छापणारी यंत्रंही सरासरीच काढत असत. तीही प्रत्येक निगेटिव्ह मधल्या पारव्याकडे ओढायची, आणि छापणाऱ्याने हाताने दुरुस्ती केली नाही तर बर्फ तसाच बाहेर यायचा. म्हणजे उजेड निगेटिव्हपर्यंत पोचलेला असणार! अल्बमच्या मागच्या खिशात ती पट्टी होती, पिवळट कागदात. मी ती स्कॅन करून घेतली आणि उजेड दीड स्टॉप वाढवला.

बर्फ पांढरा झाला. गमबुटांच्या खाली ठसे दिसायला लागले. आणि आई हसत होती, डोळे किलकिले करून, चकाकी सहन होत नाही म्हणून कपाळावर हात धरून.