सागरी हवेत धावताना

जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन जवळ आली की चाकण-भोसरीच्या कारखान्यांतील तरुण माझ्याकडे तपासणीसाठी येतात. प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, इथं पंधरा किलोमीटर सहज पळतो, मग मुंबईत दम का लागतो?"

उत्तर हवेत आहे. आपल्याकडे जानेवारीची पहाट चांगलीच गार असते. मुंबई मूळची सात बेटांची. मरीन ड्राइव्ह आणि सागरी सेतूवरून दिसणारा समुद्र मन मोहून टाकतो, पण तेथील हवा उबदार व दमट. शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तो वाळल्याने. दमट हवेत घाम नुसता निथळतो, उष्णता आतच राहते आणि नाडीचे ठोके वाढतात.

म्हणून पहिले पाच किलोमीटर नेहमीपेक्षा सावकाश पळावे. तहान लागेल तसे पाणी प्यावे. भीतीपोटी पेल्यामागून पेले रिचवू नयेत. अति पाण्याने रक्तातील सोडियम घटते. मळमळ, डोकेदुखी, क्वचित झटकेही येतात. रात्रपाळी करून थेट शर्यतीला जाऊ नये. अंगात ताप असेल, तर पळूच नये.

सोबतचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर अंगावर घाम असला तरी उष्माघाताची शंका घ्यावी. वैद्यकीय पथकास बोलवावे. तोवर त्याला सावलीत आडवे करून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा.

पदक हुकले तरी चालेल. ४२.१९५ किलोमीटर पुढच्या वर्षीही तेवढेच असतील.