मॉरिशसचा ऊस आणि युरोपची मदत



गेल्या हंगामात वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग लागली होती. रांगेत बोलणे निघाले ते साखरेच्या भावावरून आणि गेले परदेशी मदतीवर. एक वयस्क सभासद म्हणाले, "बाहेरच्या सरकारांचा पैसा आपल्या धंद्याला मिळाला ना, तर आपली साखरबी जगाच्या बाजारात उभी राहील." त्यावर शेजारचा तरुण म्हणाला, "फुकट कोण देतंय तात्या? दिलं तर कायतरी घेऊनच देतील." दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे असे आम्हाला वाटले. अशी मदत साखरेसाठीच, खरोखर आणि मोठ्या प्रमाणावर जेथे आली, त्या मॉरिशसची हकीकत म्हणून येथे देत आहोत.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट, आकाराने आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. १८३४ पासून तेथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत बिहारी, तामिळ, तेलुगू होते तसे कोकणातले आणि घाटावरचे आपले मराठी लोकही होते. गणेशचतुर्थीला आजही तेथे सरकारी सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, तेव्हा मजुरांनी पै-पै साठवून त्या घेतल्या. आजचा तेथला लहान ऊस उत्पादक म्हणजे बहुतांशी त्यांचाच वंशज. त्याचा हिशेबही आपल्याला ओळखीचा वाटेल. उसातून निघालेल्या साखरेपैकी ७८ टक्के उत्पादकाची आणि २२ टक्के कारखान्याची, अशी वाटणी तेथे दीर्घकाळ चालत आली. विक्री कोणी एकट्याने करायची नाही. सगळी साखर १९१९ साली स्थापन झालेल्या साखर सिंडिकेटमार्फत जायची.

ही साखर कच्ची असे आणि बहुतेक सगळी लंडनच्या टेट अँड लाईल कंपनीकडे जाई. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील देशांनी युरोपीय समुदायाशी लोमे येथे करार केला. त्यातल्या साखरेच्या कलमांनुसार वर्षाला सुमारे १३ लाख टन साखर ठरलेल्या भावाने घेण्याचे युरोपने कबूल केले. सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा, एक तृतीयांशाहून अधिक. भारतालाही याच धर्तीचा लहान कोटा होता, पुढे तो १० हजार टनांचा राहिला. करार होण्याच्या आधी, १९७४ च्या अखेरीस, जागतिक भाव आभाळाला भिडले होते. आज चार पैसे जास्त घ्यावेत की उद्याची खात्री घ्यावी, असा पेच होता. मॉरिशसने खात्री घेतली आणि ती फळली. पुढची कित्येक वर्षे युरोपचा भाव जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट असे. शाळा, दवाखाने, कापड गिरण्या, हॉटेले या सगळ्यांच्या पाठीशी हा उसाचा पैसा होता.

करारात मुदत 'अनिश्चित काळापर्यंत' अशी लिहिली होती. पण घडले वेगळेच. युरोप आपली जादा बीट साखर अनुदान देऊन बाहेर खपवतो, अशी तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे केली. एप्रिल २००५ मध्ये अपिलातही निकाल युरोपच्या विरुद्ध गेला. युरोपने आपली साखर व्यवस्था बदलली. १ जुलै २००६ पासून हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी कमी होऊ लागले. कच्च्या साखरेचा टनाला ५२३.७ युरो असलेला भाव ३३५.२ युरोवर येणार होता. साखर करारच २००७ साली नोटीस देऊन ३० सप्टेंबर २००९ रोजी संपवण्यात आला. भांडण ब्राझील आणि युरोपचे, आणि भाव पडला तो मॉरिशसच्या दोन एकरवाल्याचा.

मदत आली ती या टप्प्यावर. करारातल्या १८ देशांना जुळवून घेता यावे म्हणून युरोपने २००६ ते २०१३ या काळासाठी सव्वा अब्ज युरोंच्या आसपास रक्कम ठरवली. ही रक्कम परत करायची नव्हती. तात्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा पैसा जादा मिळालेला नव्हता. भावातून जे काढून घेतले, त्याच्या बदल्यात काही काळापुरते दिलेले हे होते. शिवाय मॉरिशसमध्ये तो कारखान्याला किंवा शेतकऱ्याला थेट मिळाला नाही. सरकारने दहा वर्षांचा आराखडा केला, त्यातल्या अटी पुऱ्या झाल्या की सरकारी तिजोरीत हप्ता जमा, अशी रीत होती.

आराखड्यातली पहिली गोष्ट म्हणजे कारखाने कमी करणे. तेव्हा ११ कारखाने होते, ते चारवर आणले. कामगारांना स्वेच्छानिवृत्तीत रोख रक्कम आणि घरापुरता जमिनीचा तुकडा दिला गेला. जागा मिळाली हे बरे झाले; पण भोंगा बंद पडलेल्या गावात बाकी काय राहते हे ज्यांनी आजारी कारखाने पाहिले आहेत त्यांना सांगायला नको.

दुसरे काम दगडांचे, आणि ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे बेट ज्वालामुखीचे. शेतात काळा दगड इतका की पिढ्यान् पिढ्या मजुरांनी वेचून त्याच्या मनोऱ्यासारख्या राशी घातल्या आहेत. त्या राशींमधून तोडणी यंत्र फिरू शकत नाही, आणि हाताने तोडायला माणूस मिळत नाही, अशी अडचण. म्हणून लहान उत्पादकांसाठी योजना निघाली. लागून असलेल्या शेतकऱ्यांनी आपापले तुकडे एका सलग पट्ट्यात आणायचे, मालकी ज्याची त्याची राहील. मग दगड काढणे, जमीन सारखी करणे, शक्य तेथे पाणी आणणे, हा खर्च योजनेतून. १२ हजार हेक्टरांचा पल्ला ठेवला होता. ज्यांचे पट्टे जमले त्यांची शेते यंत्राखाली आली. पण जमिनी आजोबांच्या नावावर, वारस पाच ठिकाणी, एक भाऊ फ्रान्सात तर दुसरा टॅक्सी चालवतो! सह्या कोण गोळा करणार? सातबाऱ्यावरची नावे मोजून पाहिली तर आपल्याकडेही हेच चित्र दिसेल. दगड काढायला पैसा होता, भावकी एकत्र आणायला त्याचा उपयोग झाला नाही. पुढील दहा-बारा वर्षांत लहान उत्पादकांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि सोडून दिलेल्या शेतांत झाडोरा माजला.

तिसरी गोष्ट मात्र हिमतीची. कच्ची साखर विकणे बंद करून शुद्ध पांढरी साखर विकायची असे ठरले. कारखान्यांनी स्वतःचे भांडवल व कर्ज घालून रिफायनऱ्या उभारल्या. सिंडिकेटने २००८ साली जर्मनीच्या सुडझुकर कंपनीशी करार केला: २००९ पासून सहा वर्षे, वर्षाला ४ लाख टनांपर्यंत. जोडीला डेमेरारा, मस्कोव्हाडो अशा तपकिरी खास साखरा वाढवल्या; त्यांना घराघरांतले गिऱ्हाईक जादा भाव देते. लहान उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी 'फेअरट्रेड' प्रमाणपत्र मिळवले. त्यात टनामागे ६० डॉलर जादा मिळतात आणि ते कशावर खर्चायचे हे सभासदांची सभा ठरवते. सहकाराची ही जुनीच रीत तेथे उपयोगी पडली हे वाचून आम्हाला समाधान वाटले.

तरीही संकट टळले नाही. ३० सप्टेंबर २०१७ रोजी युरोपने आपल्या बीट साखरेवरचे कोटे उठवले, युरोपातच साखरेचा पूर आला. त्यानंतरच्या एक-दोन हंगामांत मॉरिशसच्या शेतकऱ्याचा उत्पादन खर्चही निघेना. शेवटी तेथल्या सरकारलाच लहान उत्पादकांना भावाची हमी द्यावी लागली. चार कारखान्यांपैकी एक पुढे बंद पडला, आता तीन आहेत. २००० च्या सुमारास ७० हजार हेक्टरांहून जास्त ऊस होता, तो ४० हजारांच्या आत आला. साखर सहा लाख टनांवरून अडीच लाखांच्या आतबाहेर आली. पण जी साखर निघते तिला गिऱ्हाईक आहे आणि बगॅसपासून वीजही होते.

हीच मदत इतरांनाही मिळाली. सेंट किट्सने २००५ मध्येच ऊस बंद केला होता, त्रिनिदादने २००७ मध्ये केला. तेथे मदत गेली ती ऊस सोडून दुसरे काही उभे करायला. फिजीत डिसेंबर २००६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि युरोपने साखरेची मदत रोखून धरली. बंड केले लष्कराने, आणि हप्ता अडला तो उसाचा. मॉरिशसजवळ सिंडिकेट होते, वादळ-अवर्षणासाठी उत्पादकांच्याच वर्गणीचा विमा निधी होता, संशोधन केंद्र होते. हे सगळे मदतीच्या आधीचे, घरच्या पैशातले. आमच्या मते मदतीचे तेथे जे काही चीज झाले ते यामुळे.

आता आपल्या दारातली गोष्ट. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी आपल्या उसाच्या एफआरपीविरुद्ध आणि निर्यात अनुदानाविरुद्ध त्याच जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ रोजी निकाल भारताच्या विरुद्ध लागला. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. परंतु अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद आहे, त्यामुळे निकाल लागू झालेला नाही आणि रद्दही झालेला नाही.

या विषयावर सभासदांना काही विचारायचे असल्यास शेतकी गट कार्यालयात लिहून द्यावे. फिजीच्या ऊस उत्पादकांविषयी जागा मिळाल्यास पुढील अंकात लिहू.