दुपारी अक्षता, संध्याकाळी फिल्म

कळमनुरीकडच्या लग्नपत्रिकेवर मुहूर्त दुपारचा छापलेला असतो, पण परण्या मारुतीच्या देवळातून वाजतगाजत परत आल्याशिवाय अक्षता काही पडत नाहीत. या उशिराची झळ सगळ्यांत जास्त ज्याला बसते तो माणूस मांडवात दिसतच नाही. कार्यालयाच्या मागच्या खोलीत तो लॅपटॉप उघडून बसलेला असतो. दुपारच्या लग्नाची तीन-चार मिनिटांची फिल्म त्याला त्याच संध्याकाळी रिसेप्शनच्या एलईडी वॉलवर लावायची असते. धंद्यात या कामाला ‘सेम डे एडिट’ म्हणतात. फिलिपिन्समध्ये ते चांगलंच रुजलं आणि जेसन मागबानुवा या व्हिडिओग्राफरचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं.

टेपच्या काळात हे फार अवघड होतं. मिनीडीव्हीची एक तासाची टेप संगणकात उतरवायला पूर्ण तास लागायचा, म्हणून लग्नाची कॅसेट महिन्या-दोन महिन्यांनी हाती आली तरी कुणी तक्रार करत नसे. पुढे 2008 मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला. फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी चित्रण होऊ लागलं आणि तेही थेट कार्डावर. आज सेकंदाला 100 मेगाबिटच्या दर्जाचं तासभराचं फुटेज साधारण 45 जीबी भरतं. बऱ्या कार्ड रीडरवरून ते आठ-दहा मिनिटांत उतरतं.

तरीही वेग यंत्रातून येतो असं मला वाटत नाही. खरा वेग आदल्या रात्रीच ठरतो. हळदीचं चित्रण संपलं की एडिटर तेवढा भाग रात्रीच कापून ठेवतो. गाणं आधीच ठरलेलं असतं, त्याचे ठोके टाइमलाइनवर खुणावलेले असतात. अंतरपाट, अक्षता, सप्तपदी यांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. लग्नाच्या दिवशी शूटिंग करणारे कार्ड भरण्याची वाट पाहत नाहीत. एकेक विधी आटोपला की कार्ड आत पाठवतात. आजच्या कॅमेऱ्यांच्या फाइली फार दाबून भरलेल्या असतात. एक फ्रेम दाखवायला संगणकाला आजूबाजूच्या फ्रेमा उलगडाव्या लागतात आणि साधा लॅपटॉप अडखळतो. म्हणून हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून त्यांच्यावर कापाकापी करतात आणि शेवटी मूळ फुटेजवरून रेंडर काढतात. चार मिनिटं म्हणजे सेकंदाला 25 प्रमाणे 6000 फ्रेमा. नेमक्या त्याच वेळी लाइट गेली तर? लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि जनरेटरची लाइन खोलीपर्यंत ओढलेली हवी.

घाईत सगळ्यांत आधी बळी जातो तो आवाजाचा. फिल्मभर नुसतं गाणं वाजत राहतं. मंगलाष्टकं म्हणताना मामाचा कापरा झालेला आवाज किंवा करवल्यांची चेष्टामस्करी दहा सेकंद जरी मधे आली, तरी ती फिल्म त्या घराची होते. ड्रोनचे शॉट कुठल्याही लग्नात सारखेच दिसतात. म्हणून साउंड सिस्टीमच्या मिक्सरवरून आवाज वेगळा रेकॉर्ड करणारा माणूस मला जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या सगळ्याच लग्नांना हे लागू पडत नाही, हेही खरं. जेवण, आहेर, पाठवणी झाली की बरीच वऱ्हाडं दिवस मावळायच्या आत गावाची वाट धरतात. निकाहनंतरचा वलीमा सहसा दुसऱ्या दिवशी असतो, तिथे एडिटरला आख्खी रात्र मिळते आणि काम अधिक चांगलं होतं. पण जिथे संध्याकाळी स्वागत समारंभ आहे, तिथे ही फिल्म जरूर करावी. दिवसभर कोठीघरात अडकलेल्या मावशीला आणि गर्दीत मागे राहिलेल्या आजीला आपल्या लेकीचं लग्न तिथेच पहिल्यांदा नीट दिसतं.

तुमच्या घरी असं काम ठरवलंत तर एडिटरला टेबल, दोन प्लग आणि वेळेवर ताट द्या. अक्षता किती वाजता पडणार ते त्याला खरं सांगा. आणि रात्री कार्डं रिकामी करण्याआधी सगळं फुटेज दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरलंय, याची स्वतः खात्री करा.