विश्लेषण : ऐकायला एकच सलग सूर, हाताला सेकंदाला १० फटके! गिटारवरची ‘ही’ रचना शिकणं इतकं अवघड का?

नोकियाच्या फोनची ती जुनी रिंगटोन आठवते? ती ‘ग्रान व्हाल्स’ या गिटाररचनेतून घेतली होती. तिचे संगीतकार स्पेनचे फ्रान्सिस्को तारेगा (१८५२-१९०९). त्यांचीच आणखी एक रचना गिटार शिकणाऱ्यांना खुणावते आणि छळतेही. ती म्हणजे ‘रेक्वेर्दोस दे ला अल्हाम्ब्रा’, अर्थात ‘अल्हाम्ब्राच्या आठवणी’. ग्रानादा शहरातल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यावरून तिला हे नाव मिळालं. ऐकताना दोन गिटार वाजत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वादक एकच असतो. हे कसं घडतं?

ट्रेमोलो म्हणजे काय?

गिटारची तार छेडली की सूर लगेच विरू लागतो. बासरी किंवा व्हायोलिनसारखा तो लांबवता येत नाही. म्हणून तोच सूर इतक्या भराभर छेडायचा, की कानाला तो सलग वाटावा. यालाच ट्रेमोलो म्हणतात. मँडोलिनवर हे काम पिकने होतं, इथे बोटांनी करावं लागतं. अंगठा खर्जाचा सूर वाजवतो. पाठोपाठ अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकाच तारेवर पडतात.

तीन मात्रांच्या या रचनेत प्रत्येक मात्रेला हे चक्र दोनदा फिरतं, म्हणजे ८ फटके. मिनिटाला ७५ मात्रांची लय धरली, तर सेकंदाला १० फटके होतात.

मग अडचण वेगाची आहे का?

खरी अडचण आहे सारखेपणाची. चार फटक्यांपैकी सुरावटीच्या वाट्याला तीनच येतात. अंगठ्याच्या वेळी सुरावटीत पोकळी राहते. चारही फटके समान अंतराने आणि तीन बोटं सारख्या जोराने पडली, तरच कान ती पोकळी भरून काढतो. जरा मागेपुढे झालं की घोड्याच्या टापा ऐकू येतात.

त्यात अनामिका मधल्या बोटापासून सुटी हलत नाही. सुरावट दुसऱ्या तारेवर आली की बोटं शेजारच्या तारांना लागतात. डावा हात वेगळाच दमतो. पहिल्या बोटाने अनेक तारा एकदम दाबणारे बार कॉर्ड वारंवार येतात आणि ते धरून ठेवावे लागतात.

सराव कसा करावा?

– आधी तारेगा यांच्याच ‘लाग्रिमा’सारख्या छोट्या रचना हाताखालून जाऊ द्या.

– उजव्या हाताचं चक्र एकाच मोकळ्या तारांच्या जोडीवर, मेट्रोनोमसोबत, अगदी संथ लयीत बसवा.

– कधी अनामिकेवर, कधी मधल्या बोटावर, तर कधी तर्जनीवर जोर द्या. कमकुवत बोट लगेच सापडतं.

– डाव्या हातासाठी ट्रेमोलो बाजूला ठेवून फक्त कॉर्ड बदलण्याचा सराव करा.

– एका वेळी दोन-चार ओळीच घ्या. चूक होत असताना लय वाढवली, तर चूकच पक्की होते.

नखं हवीतच का?

आज बहुतेक क्लासिकल गिटारवादक उजव्या हाताची नखं वाढवून घासतात. खडबडीत नख नायलॉनच्या तारेत अडकतं आणि लय मोडते. गंमत म्हणजे तारेगा स्वतः आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नखांशिवाय वाजवत.

हात दुखला तर?

थांबा. बोटं थकणं वेगळं. मनगटात कळ येणं किंवा मुंग्या येणं वेगळं. असा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. अमेरिकन गिटारवादक डेव्हिड लाइस्नर यांच्या उजव्या हाताला फोकल डिस्टोनिया झाला होता. या विकारात बोटं मनाप्रमाणे चालत नाहीत. त्यांच्या वादनावर अनेक वर्षं मर्यादा आली, मात्र पुढे ते पुन्हा मंचावर परतले. हा विकार सर्रास होत नाही. पण सरावात खांदा, मनगट आणि अंगठा सैल ठेवायला हवा.

जमलं, हे कसं ओळखायचं?

फोनवर स्वतःचं वादन रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐका. वाजवताना सलग वाटलेल्या सुरातल्या फटी तिथे लपत नाहीत. त्या दिसल्या की लय कमी करा आणि पुन्हा चार फटक्यांपासून सुरुवात करा. नोट्स काही आठवड्यांत पाठ होतात. फटी बुजायला मात्र कित्येक महिने लागतात.